मळीच्या रानात मेंढरं

१

सोनाली मंगळवारी सकाळी नाहीशी झाली. कुणीतरी तोंड उघडलं ते गुरुवारी दुपारी.

मधले दोन दिवस तिच्या बापानं, ज्ञानबानं, मेंढरं राखली. आईनं भाकरी थापल्या आणि पदरात तोंड घालून रडून घेतलं. पंधरा वर्षांची पोर गेली होती आणि बापाला घोर होता सोयरिकीचा. तिकडं सांगोल्याच्या बाजूला कळलं तर ठरलेलं लग्न मोडेल, म्हणून चिडीचूप. कोकरू हरवलं असतं तर ह्याच माणसानं उजनीचा अख्खा काठ पालथा घातला असता.

तोंड उघडलं ते म्हातारीनं. केराबाई, सोनालीची आजी. मे महिन्याच्या उन्हात डोक्यावर पदर घेऊन ती चालत गावात आली आणि रुक्मिणीबाईंच्या दारात उभी राहिली.

रुक्मिणीबाई म्हणजे गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. वय एकसष्ट, नवरा वारलेला, मुलगा पुण्यात. गावच्या बाल संरक्षण समितीच्या अध्यक्षाही त्याच. समिती म्हणजे काय, तर वर्षातून दोनदा शाळेच्या पायरीवर फोटो, वडापाव, आणि भिंतीवर एक फलक: 'अनोळखी व्यक्तींपासून सावध राहा.' त्याच्यावर गावातली पोरं चेंडू मारून नेम धरायची.

"बाई, पोरीस्नी पळवून नेत्यात, त्येच्या कमिटीत तुमीच न्हवं?"

"हो आजी. आत या, बसा."

"बसाया न्हाय आले. माजी नात नेली."

रुक्मिणीबाईंनी पाणी दिलं. म्हातारीनं तांब्या हातात धरला, प्यायली नाही.

"गाव काय म्हणतंय?"

"आमी झाकलं तरी गावाला सुगावा लागलाच. म्हनत्यात बसूबरुबर पळाली. बसू, त्यो पाण्यावरच्या मोटारी बघतो की. आन् बसू तर हितंच हाय. काल पोरांनी त्येला लई हानला."

"तुम्हाला काय वाटतं?"

केराबाईनं तांब्या खाली ठेवला.

"बाई, पळून जानारी पोर बांगड्या भरती, पैंजण घालती. ही शाळेचा दाखला घिऊन गेली. आधारचं कार्ड घिऊन गेली. नवऱ्याकडं जाताना दाखला कशाला लागतो, सांगा बरं तुमी."

रुक्मिणीबाईंनी पायात चपला सरकवल्या. तीस वर्षं दाखल्यांवर सह्या केलेल्या बाई, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

२

ज्ञानबाचा वाडा, म्हणजे मेंढरं, घोडं, दोन कुत्री आणि ताडपत्रीखालचा संसार, जेऊर स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर एका रानात उतरला होता. रान काळंभोर. साखर कारखान्याची मळी, उसाच्या रसाचा उरलेला गाळ, खत म्हणून नुकतीच पसरलेली. आंबूस वासानं डोकं धरत होतं. दीडशे मेंढरं त्यात उभी होती. भर दुपारी मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली माना घालून बसतात. ही बसत नव्हती.

"ही अशी का उभी?" बाईंनी विचारलं.

"रान तापलंय," केराबाई म्हणाली. "ताजी मळी आतनं गरम असती. सोमवारपासनं बसली न्हाईत. पाय उचलत्यात, ठेवत्यात."

"मग इथे आलात कशाला?"

ज्ञानबा इतका वेळ काठीनं माती उकरत होता. आता बोलला. "मालकानं बोलावलं तर काय करनार? मेंढरं बसवाया बोलावलं हुतं."

शिकलेल्या माणसाला हे सांगावं लागतं. शेतकरी धनगराला रानात बोलावतो. मेंढरं रानात बसतात, लेंडी-मूत पडतं, रानाला खत मिळतं. त्याबदल्यात धनगराला धान्य मिळतं, पाणी मिळतं. उन्हाळ्यात पाण्याजवळच्या रानाचं बोलावणं म्हणजे नशीबच.

"कुणी बोलावलं?"

"फोन आला. बापूसाहेबांचा मानूस बोलतोय म्हनला. रान मोकळं हाय, सोमवारी येऊन उतरा."

बापूसाहेबांचं नाव ह्या काठावर कुणाला माहीत नाही? साठ एकर ऊस-केळी, स्वतः पुण्यात. अशा नावाचा फोन आला की धनगर उलटा प्रश्न विचारत नाही. चूक इथं झाली. मोठं नाव ऐकलं की आपली माणसं पाठीचा कणा काढून खिशात ठेवतात.

"आणखी काय म्हणाला तो?"

"कोन कोन हाय बरुबर, म्हनला. बायकापोरी येनार का, म्हनला. मी म्हनलं, समदा संसार संगं असतो आमचा."

"बस्स?"

"बस्स."

केराबाई मागून थुंकली. "मेंढरं किती, ते इचारलंच न्हाय त्या भाड्यानं."

"म्हणजे?"

"बाई, जो मेंढरं बसवाया बोलावतो, त्यो पयलं इचारतो मेंढरं किती. दुसरं काय त्येला करायचंय? मानसं घिऊन त्येनं काय रानाला खत घालायचंय?"

ज्ञानबानं काठी थांबवली. आईकडं पाहिलं. ही गोष्ट त्याच्याही ध्यानात आत्ताच येत होती.

बाईंनी तिथूनच बापूसाहेबांना फोन लावला. पलीकडून आवाज इतका चढला की मेंढरांनी माना वळवल्या.

"मेंढरं? माझ्या रानात? अहो बाई, आठवड्यापूर्वी मळी टाकलीय मी, येत्या सोमवारी केळीची रोपं येताहेत! खतावर खत कोण घालतं? कुणी सांगितलं त्यांना?"

"तुमच्या माणसानं."

"कोण माझा माणूस? मी कुणालाही सांगितलेलं नाही!"

ज्ञानबानं आलेला नंबर दाखवला. बाईंनी लावला. बंद.

३

ज्ञानबाचा नंबर ह्या गावात तीनच माणसांकडं होता. बसू, कारण दर उन्हाळ्यात तो मोटारीच्या खोलीत त्याचा फोन चार्ज करून द्यायचा. अक्कम्मा बांगडीवाली, कारण अक्कलकोटकडून येऊन ती वाड्यावाड्यावर हिंडते आणि सगळ्यांचे निरोप पोचवते. तिसरा वरद. गेल्या उन्हाळ्यात शाळाबाह्य मुलांची पाहणी झाली तेव्हा त्यानं वाड्यावर बसून फॉर्म भरले होते.

वरद म्हणजे समितीचा सचिव. बाईंच्याच शाळेतल्या दाते बाईंचा मुलगा, वय सव्वीस, लॅपटॉप, इस्त्रीचा शर्ट. मुलींच्या तस्करीवर शाळेत व्याख्यान द्यायचा तोच. भिंतीवरचा फलकही त्यानंच रंगवून घेतला होता.

बाईंनी सरळ विचारलं असतं तर तिघांनीही 'मी नाही' म्हटलं असतं. म्हणून त्यांनी तिघांकडं एकच काम मागितलं.

बसू मोटारीच्या खोलीत ओठाला फडकं लावून बसला होता. डावा डोळा सुजून मिटलेला.

"आता तुमीबी माराया आला का बाई?"

"नाही रे. ज्ञानबाला त्या रानातून हलायचंय. कुणाचं रान मिळवून देशील?"

"त्या रानात उतरवलं कुनी त्येला? मी स्वतः ट्रॅक्टर लावून मळी पसरली तितं. माझ्याबरुबर बोलला असता तर सांगितलं असतं." मग त्यानं मान तिरकी करून विचार केला. "मेंढरं किती हायत? दीडशे? मग आमच्या चुलत्याचं रान पुरंल चार दिस."

"तुला मारलं, आणि तू त्यांच्यासाठी रान बघतोस?"

"मारलं गावानं. मेंढरांनी न्हाय मारलं."

अक्कम्मा एसटी थांब्यावर पाटी उतरवून बसली होती. बाईंना बघताच ओरडली, "काय टीचरबाई, चोर म्हनून धराया आलासा? परगावची बाई दिसली की समद्यांचा संशव तिच्यावर! दुसरं सुचतं का तुमास्नी?"

"रान हवंय ज्ञानबाला. तुझ्या ओळखीत आहे?"

"अय्यो, त्या काळ्या रानात कोन उतरवतंय व्हय! माजं म्हायेर धनगराचं. कुरी एष्टु?" मग आपणच हसली. "मेंढरं किती, म्हनले. कोकरं येगळी सांगा, त्यास्नी सावली लागती."

वरद शाळेतल्या समितीच्या खोलीत होता. उठून उभा राहिला, खुर्ची पुढं केली, पंखा बाईंकडं वळवला.

"ऐकलं मी, बाई. वाईट झालं. पण खरं सांगू? ह्या मुली घरच्यांनाच नको असतात. आपण किती जनजागृती करणार?"

"ते राहू दे. ज्ञानबाला दुसरं रान हवंय. तुझी ओळख असेल तर विचार कुणाला."

"विचारतो की." त्यानं लगेच मोबाईल काढला. "किती जण आहेत ते? बायका-मुली पण आहेत ना अजून बरोबर?"

पंखा गरगरत होता. बाई खुर्चीवरून उठल्या.

४

पण रुक्मिणीबाई स्वतःशी खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. आज दुपारपर्यंत त्यांनीही हेच विचारलं असतं. ज्याच्या घरात कधी मेंढरू आलं नाही, त्याला माणसंच दिसणार. वरदच्या प्रश्नानं एवढंच सिद्ध होत होतं, की फोन करणारा शेतातला नव्हता, आपल्यासारखा पगारी घरातला होता. तेही थोडं नव्हतं. गाव मात्र आतापर्यंत फक्त मोटारवाल्या पोराकडं आणि बांगडीवालीकडं बघत होतं.

शुक्रवारी सकाळी वरद यायच्या आधी त्यांनी समितीचं कपाट उघडलं. पाहणीच्या फॉर्मांचा गठ्ठा काढला. पाहणीच्या आधी वरदनं कोरे फॉर्म आणले होते. "बाई, सह्या करून ठेवा, परत परत त्रास नको." त्यांनी चहा पिता पिता चाळीस सह्या ठोकल्या होत्या. आज त्यांनी पहिल्यांदा तो फॉर्म वाचला.

वडील हयात आहेत का. घरात दारू आहे का. मुलीचं लग्न ठरवलंय का, तिला ते मान्य आहे का. कुटुंब वर्षातून किती महिने बाहेर असतं. मुलीकडे फोन आहे का. मुलगी घरी नसेल तर किती दिवसांनी विचारपूस होते.

शेवटचा प्रश्न बाईंनी तीनदा वाचला. मुलीला वाचवायचं असेल तर हा प्रश्न विचारतात, आणि उचलायचं असेल तरीही हाच.

फॉर्मना क्रमांक होते. चार नव्हता. सतरा नव्हता. एकोणतीस नव्हता. कपाटात नावांची वही होती. सतरा क्रमांकाला वरदच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: सोनाली ज्ञानबा, वय चौदा.

"काही शोधताय का, बाई?"

वरद दारात उभा होता. हातात हेल्मेट. चेहऱ्यावर तेच नम्र हसू.

५

"सतरा नंबर कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"गहाळ झाला असेल."

"बस खाली. आजी, तुम्हीही या." केराबाई व्हरांड्यात बसलेली होती. ती आत आली आणि उंबऱ्याजवळ टेकली, बरोबर दार अडवून.

"तिचं लग्न तिला नको होतं," बाई म्हणाल्या. "हे तुला फॉर्मवरून माहीत होतं. तिच्याकडे साधा फोन होता, हेही. तू तिला वर्षभर कसली तरी शाळा, कसलं तरी वसतिगृह दाखवत राहिलास. म्हणून ती दाखला घेऊन गेली. पण वाडा फिरता. आज इथे, उद्या दहा कोसांवर. ती एकटी स्टेशन गाठणार कशी? पोरीला स्टेशनावर आणता येईना, म्हणून तू अख्खा वाडा स्टेशनाजवळ आणलास. त्यासाठी मोकळं रान हवं होतं आणि मोठं नाव. बापूसाहेबांचं रान तुझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. तुला ते रिकामं दिसलं. त्यावर मळी पडलीय, मेंढरं तिथे बसणार नाहीत, हे बसूला दिसलं असतं, अक्कम्माला दिसलं असतं. तुला दिसलं नाही. तुला मेंढरं दिसतच नव्हती."

वरद शांतपणे हेल्मेटचा पट्टा गुंडाळत होता.

"झालं? आता माझं ऐका. त्या फॉर्मवर माझं नाव कुठेच नाही. खाली सही तुमची आहे, बाई. चाळीसच्या चाळीस. पोलीस पहिला प्रश्न कुणाला विचारतील? पेन्शन, मुलाची नोकरी, सगळं बघा. मी तर फक्त तुमचा सचिव."

रुक्मिणीबाईंनी वरचा फॉर्म उचलून खालची सही पाहिली. माणूस बरोबर हेरला होता त्यानं. आयुष्यभर शिक्का आणि सही ह्यांनाच भिऊन जगलेल्या बाई. त्यांच्यासारख्या माणसांच्या भीतीवरच हा धंदा उभा आहे. गुंड लागतच नाहीत. एक घाबरट सही पुरते.

केराबाईला कागदातलं काही कळलं नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "बाई, माझी सोनी जित्ती हाय का?"

बाईंनी मोबाईल उचलला आणि वरदच्या समोर फौजदारांना फोन लावला.

"मी रुक्मिणी बोलतेय, समितीची अध्यक्ष. मुलीला पळवून नेण्याच्या गुन्ह्यात वापरलेल्या फॉर्मवर माझ्या सह्या आहेत. हो, माझ्याच. मला आरोपी करायचं असेल तर करा. माझ्यासमोर दुसरा बसलाय. शाळेत या."

वरदचं हसू गेलं. त्यानं सगळा हिशोब बाईंच्या भीतीवर मांडला होता आणि ती भीतीच आता खोलीत उरली नव्हती. तो दाराकडं वळला. केराबाई उठली नाही. पाय लांब करून तशीच बसली आणि म्हणाली, "मला तुडवून जा. तेवढंच राहिलंय."

मग तो बोलला. प्लॅटफॉर्मवर 'वॉर्डन मॅडम' म्हणून एक बाई उभी होती. तिनं पोरीला सकाळच्या गाडीत बसवलं. गुजरातेतलं एक शहर, एका इमारतीचं नाव, तिसरा मजला. येत्या बुधवारपर्यंत ठेवतात, मग पुढं पाठवतात.

"पुढे म्हणजे कुठे?"

ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

६

सोनाली रविवारी सापडली. तिसऱ्या मजल्यावर, कुलूप लावलेल्या खोलीत, दुसऱ्या दोन मुलींबरोबर. त्या दोघी आपल्या भागातल्या नव्हत्या.

वाड्यावर ती परत आली तेव्हा ज्ञानबानं मान वर केली नाही. सांगोल्याहून निरोप आलेला होता: सोयरीक मोडली. आईनं भाकरी पुढं सरकवली, जवळ घेतलं नाही. गावातल्या ज्या पोरांनी बसूचा डोळा सुजवला होता, त्यांतलं एकही त्याच्याकडं गेलं नाही. दाते बाई रुक्मिणीबाईंच्या दारात येऊन म्हणाल्या, "माझ्या मुलाचं आयुष्य संपवलंत. त्या मुलीचं काय, त्यांच्यात चालतंच." रुक्मिणीबाईंनी दार लावून घेतलं. चाळीस वर्षांची मैत्री होती.

एकटी केराबाई नातीजवळ बसून तिची वेणी घालत होती. घालता घालता लेकाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "ज्ञानबा, मेंढरू इकताना तू गिऱ्हाइकाचं गाव इचारतोस, नाव इचारतोस, गाडीचा नंबर बघतोस. पोरीला कुनी शिकवतो म्हनला तर तिनं तुला का न्हाय सांगितलं, त्ये इचार आदी. तुज्यापरीस तिला त्यो सर बरा वाटला."

ज्ञानबा उठून मेंढरांकडं गेला. बऱ्याच वेळानं परत आला, पोरीपासून हातभर अंतरावर बसला, आणि तसाच बसून राहिला.

सतरा नंबर परत आला. चार आणि एकोणतीस राहिले होते. एकोणतीसचं कुटुंब कुठल्या रानात उतरलंय ते कुणालाच सांगता येत नव्हतं. चार नंबरचा पत्ता वहीत होता: ओवी, आई मायाक्का, मुक्काम केम. पोलीस म्हणाले, घरच्यांची तक्रार नाही. बाई म्हणाल्या, मी विचारून येते. निघताना सोनाली येऊन गाडीजवळ उभी राहिली.

"म्या येते."

"लोक बघतील गं."

"बगू द्या. बगाया आता काय राह्यलंय?"

मायाक्काचं घर पत्र्याचं. दारात शेळी, आत फोटोतल्या नवऱ्याला वाळलेला हार. बाईंना बघून तिची धांदल उडाली. चटई झटकली, चहा ठेवला.

"ओवी कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"ओवी? ती शिकाया गेली की, आठ म्हयनं झालं." मायाक्काच्या तोंडावर उजेड पडला. "आमच्यात कुनी धावीच्या म्होरं गेलं न्हाय, बाई. वरद सरांनी समदं केलं. लई देवमानूस. एक पैसा घेतला न्हाय. नर्सिंग शिकतीया माझी लेक."

"फोन येतो तिचा?"

"हॉस्टेलात फोन चालत न्हाय म्हनं. सर सांगत्यात खुशाली. चांगली जाड झाली म्हनं, गोरी झाली म्हनं." ती चुलीकडं वळली. "दिवाळीला येनार हाय. पांढरा डरेस घालून ये म्हनलंय मी, समद्या आळीला दाखवाया."

चहा उतू गेला. मायाक्कानं फडक्यानं पातेलं उतरवलं, तीन कपांत ओतलं, बाईंच्या हातात कप दिला. रुक्मिणीबाईंनी कप धरला.

मायाक्का सोनालीकडं वळली. "आन् तू कुनाची गं? तूबी शिकतीस का?"

सोनालीनं कप घेतला नाही. ती सरकून मायाक्काच्या जवळ बसली, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"मावशी," ती म्हणाली, "मलाबी त्यांनी नर्सिंगच सांगितलं हुतं."